विज्ञानकादंबऱ्यांचा संग्रह : छंद की गरज?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या हातात विज्ञानकादंबरी दिसली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. विज्ञान शाखेतले मित्र विचारतात, "तुला यातले काय कळते?" आणि आपल्याच शाखेतले विचारतात, "यात वाङ्मय ते कितीसे असते?" त्यातून ती कादंबरी वाचनालयाची नसून पदरमोड करून विकत घेतलेली आहे असे कळले, तर तिसरा प्रश्न घरचे विचारतात. तो पैशांचा असतो आणि तिन्ही प्रश्नांत तोच सर्वांत प्रामाणिक असतो.

वाचकहो, या तिन्ही प्रश्नांना एकत्रित उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. विज्ञानकादंबऱ्या वाचाव्यात एवढेच सांगायचे असते तर चार ओळी पुरल्या असत्या. मला सांगायचे आहे ते असे की, मराठीतल्या विज्ञानकादंबऱ्या वाचकाने विकत घ्याव्यात, जपाव्यात आणि सालवार रांगेत लावून वाचाव्यात. एकेकटी घेतली तर अशी कादंबरी दहा-वीस वर्षांत शिळी वाटू लागते. तिच्या मागचीपुढची पुस्तके शेजारी असली, की तीच कादंबरी आपला समाज कोणत्या साली कशाला भीत होता आणि कशाची आशा करीत होता, याची नोंद ठरते. ही नोंद सांभाळणारे कोणी नसेल तर ती नाहीशी होते. म्हणून हा संग्रह छंदापेक्षा अधिक काही आहे, असे माझे मत आहे.

प्रथम शिळेपणाच्या आक्षेपाचा विचार करू. कारण तो सर्वांत वजनदार आहे. सामाजिक कादंबरी जुनी झाली तरी माणसे तीच राहतात. ऐतिहासिक कादंबरी तर जुन्यावरच उभी असते. पण विज्ञान पुढे जात असते. कालचे अनुमान आज चुकीचे ठरते आणि कालची कल्पना आज दुकानात विकत मिळते. मग अशा पुस्तकाला किंमत ती काय उरली, असे पुष्कळांना वाटते. वाचनालयातून जी पुस्तके आधी बाद होतात त्यांत या पुस्तकांचा नंबर वर लागत असेल, तर तो याच समजुतीमुळे.

ज्यूल व्हर्नचे उदाहरण घ्या. पृथ्वीच्या पोटात उतरून जाणाऱ्या प्रवाशांची त्याची कादंबरी फ्रेंच भाषेत १८६४ साली प्रसिद्ध झाली. योगायोग असा की, आपल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची स्थापनाही १८६४ सालचीच. व्हर्नच्या प्रवाशांना भूगर्भात समुद्र भेटतो, प्राचीन प्राणी भेटतात. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे आणि माणसाने आजवर पाडलेले सर्वांत खोल भोक, रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे, जेमतेम सव्वाबारा किलोमीटरचे आहे. म्हणजे व्हर्नचे भूगर्भशास्त्र आज कोणी खरे मानणार नाही. पण आपण अलोऱ्याकडची माणसे ज्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो, त्याच्याच पलीकडे कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी सुमारे तीन किलोमीटर खोल विवर पाडण्यात आले आणि २०१७ साली ते पुरे झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप ज्यांनी अनुभवला, अशी माणसे आपल्या घराघरांत होती आणि काही अजून आहेत. धरणाचे पाणी आणि जमिनीचे हादरे यांचा संबंध काय, हे शोधण्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ या भागाकडे पाहतात. पायाखाली काय आहे, ही व्हर्नची जिज्ञासा आपल्याकडे अजून पुरी झालेली नाही. त्याचे उत्तर चुकले असेल, पण प्रश्न ताजा आहे. कादंबरी टिकते ती प्रश्नामुळे.

आणखी एक उदाहरण. व्हर्नने १८६५ साली चंद्राकडे जाणारे यान लिहिले. त्यात तीन माणसे होती आणि ते अमेरिकेतल्या फ्लॉरिडातून सुटत होते. जुलै १९६९ मध्ये 'अपोलो ११' सुटले तेही फ्लॉरिडातून आणि त्यातही तीनच माणसे होती. एवढे सांगून लोक थक्क होतात. पण व्हर्नचे यान प्रचंड तोफेतून उडवलेले होते. तशा धक्क्याने आतल्या माणसांचा क्षणात चेंदामेंदा झाला असता, हेही सांगायला हवे. विज्ञानकादंबरीकार म्हणजे ज्योतिषी नव्हे. त्याचे किती खरे ठरले याचे गुण मांडत बसणे म्हणजे पंचांगाच्या मापाने कादंबरी मोजणे होय. ज्या काळात तोफ हेच माणसाचे सर्वांत सामर्थ्यवान यंत्र होते, त्या काळाला चंद्र गाठण्यासाठी तोफच सुचली. यावरून चंद्राविषयी फारसे कळत नाही, पण त्या काळाविषयी बरेच कळते.

हीच दृष्टी मराठीकडे वळवली म्हणजे संग्रहाचे महत्त्व ध्यानात येते. नाथमाधवांना आपण ऐतिहासिक कादंबऱ्यांचे लेखक म्हणून ओळखतो. पण त्यांची 'श्रीनिवासराव' ही १९०८ सालची कादंबरी मराठी विज्ञानकादंबरीच्या आरंभीच्या प्रयत्नांत गणली जाते. सिंहगडावरील अपघातानंतर अधू झालेल्या शरीराने अंथरुणाला खिळून या लेखकाने पुढचे लेखन केले. ज्याला चार पावले चालणे अशक्य झाले, त्याच्या मनाने वैज्ञानिक चमत्कारांकडे झेप घ्यावी, यात मला तरी विशेष अर्थ दिसतो. त्यानंतर अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने अद्भुत आणि वैज्ञानिक कथांना हक्काची जागा दिली. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्रसैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नुसती नावे वाचली तरी कळते की हे शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर नव्हे. धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणणाऱ्या घरातल्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलेले आहे. 'फास्टर फेणे'चा जनक म्हणून भागवतांना सारे ओळखतात. पण मराठी मुलाला अंतराळाचे तिकीट काढून देणारे भागवत माझ्या मते तितकेच मोठे आहेत.

आता या रांगेतले पुढचे पुस्तक घ्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन हे नाव बनवलेले होते. आपले नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, म्हणून केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन केलेल्या या शास्त्रज्ञाने टोपणनाव घेतले आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. गुरू हॉइल हेही विज्ञानकादंबरीकार होते. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ सालची. पुढे १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी आपल्या भाषणात नारळीकरांच्या या लेखनाची दखल घेतली. कऱ्हाड म्हणजे आमच्या दृष्टीने कुंभार्ली घाटाच्या पलीकडचे गाव. मराठी विज्ञानकथेला साहित्याच्या पंगतीत पान मांडले गेले ते इतक्या जवळ.

१९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' आले आणि ऐंशीच्या दशकात 'प्रेषित', 'वामन परत न आला' या कादंबऱ्या आल्या. त्यांच्याबरोबर डॉ. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी एक पिढीच लिहू लागली. लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांनी मिळून लिहिलेली 'देवांसि जिवे मारिले', 'सिंहासन'कार अरुण साधूंची 'विप्लवा', नारायण धारपांची 'नेनचिम' ही याच घराण्यातली पुस्तके. ही सारी भागवतांच्या व्हर्नशेजारी ठेवून वाचली म्हणजे एक फरक चटकन नजरेत भरतो. व्हर्नच्या मराठी अवतारात साहस करणारे परदेशी आहेत आणि आपण प्रेक्षक आहोत. नारळीकरांच्या कादंबऱ्यांत प्रयोगशाळा आपल्या आहेत, प्रश्न आपल्या शास्त्रज्ञांपुढे आहेत आणि निर्णयही त्यांनाच घ्यायचे आहेत. त्यांच्या एका कथेत मुंबईत बर्फ पडतो. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत तर १७६१ चे पानिपत मराठे जिंकतात आणि इतिहासाचा प्राध्यापक त्या निराळ्या जगात जाऊन पडतो. ही कथा इंग्रजीत जाऊन एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात धडा म्हणून आली. पानिपताची जखम आणि आधुनिक भौतिकशास्त्र यांची गाठ घालणे मराठी लेखकालाच सुचू शकते. म्हणजे सत्तर-पाऊणशे वर्षांत मराठी मन भविष्याच्या गॅलरीतून उठून रंगमंचावर आले. हा बदल कोणत्याही एका पुस्तकात लिहिलेला नाही. तो पुस्तकांच्या मधल्या जागेत आहे, आणि पुस्तके शेजारी-शेजारी असल्याशिवाय ती जागा दिसत नाही.

आता, "यात वाङ्मय कितीसे?" या प्रश्नाकडे वळू. मेरी शेलीने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १८१८ साली ती कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा ती विशीत होती, म्हणजे या अंकाच्या बहुतेक वाचकांच्या वयाची. मृत अवयवांत प्राण फुंकणे शक्य की अशक्य, हा त्या कादंबरीतला शास्त्राचा प्रश्न आहे. पण दोनशे वर्षे ती वाचली जाते ती दुसऱ्याच प्रश्नासाठी : आपण जे निर्माण केले त्याची जबाबदारी कोणी घ्यायची? 'वामन परत न आला' मध्येही उत्खननात हाती आलेल्या प्राचीन ज्ञानातून यंत्रमानव घडतो आणि घडवणाऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहतो. आज संगणकच निबंध लिहू लागले आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्या वर्गात येऊन बसला आहे. तो सोडवायला फक्त अभियंते पुरणार नाहीत. माणूस, समाज, भाषा, नीती यांचा अभ्यास करणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्यानेच या कादंबऱ्यांकडे प्रथम वळायला हवे, असे माझे म्हणणे आहे. 'तुला यातले काय कळते' या पहिल्या प्रश्नाचेही हेच उत्तर आहे. यातली माणसे मला कळतात, आणि कथा तर माणसांचीच असते.

तरीही या प्रकाराला मानाचे पान मिळायला पुष्कळ उशीर लागला हे खरे. डिसेंबर २०२१ च्या नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. नारळीकरांना मिळाले. ती 'कृष्णविवर' नंतरची सत्तेचाळीस वर्षे होती. साहित्य अकादमीचा २०१४ चा पुरस्कार त्यांना मिळाला तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला. आत्मचरित्र त्या योग्यतेचे आहे यात शंका नाही, पण त्यांच्या कादंबऱ्या मात्र तशाच राहिल्या. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्या आठवड्यात मोबाइलवर श्रद्धांजल्यांचा पूर आला. माझ्या ओळखीच्या किती जणांनी त्या महिन्यात त्यांचे एक तरी पुस्तक विकत घेतले, हे मोजायला एका हाताची बोटेही जास्त झाली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी भाषा किती जुनी आहे याचे पुरावे गोळा करावे लागले. शिलालेख आणि प्राचीन ग्रंथ पुढे ठेवावे लागले. ते जपलेले होते म्हणून ठेवता आले. उद्या कोणी विचारले की, या भाषेने पुढच्या काळाचा कधी विचार केला होता काय, तर त्याचा पुरावा म्हणून आपण काय दाखवणार? तो पुरावा या कादंबऱ्यांत आहे, आणि त्यांतल्या पुष्कळशा आज नव्या प्रतीत सहजी मिळत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, वाचनालये कशाला आहेत? वाचनालयांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक विकत आणलेले नव्हते, त्या घरातल्या मुलाला पहिली कादंबरी वाचनालयच देते. पण वाचनालयावर सगळा भार टाकून आपण मोकळे व्हावे, अशी आपल्या भागाची परिस्थिती नाही. २००५ च्या जुलैत चिपळूण बुडाले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी पुन्हा शहरात शिरले आणि दीडशेहून अधिक वर्षांच्या त्या वाचन मंदिरातली हजारो पुस्तके भिजून गेली. पाण्याने त्यातली विज्ञानकादंबरी वेगळी काढून ठेवली नाही. ग्रंथप्रेमींनी पुन्हा उभारणीचे काम हाती घेतले, देणग्या आल्या, पुस्तकेही आली. परंतु बाजारात मिळणारे पुस्तक पुन्हा घेता येते. छपाई थांबलेले पुस्तक पुन्हा कोठून आणणार? ते कोणाच्या तरी घरी असले तरच परत येणार. एकाच ठिकाणच्या हजार पुस्तकांपेक्षा शंभर घरांत विखुरलेली दहा-दहा पुस्तके पुराला जास्त पुरून उरतात. कोकणात राहणाऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

दिवाळी अंकांची गोष्ट तर याहून बिकट आहे. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मासिक मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि मराठी विज्ञानकथेचा बराच मोठा भाग अशा अंकांतून छापला गेला. पण दिवाळी अंकाचे आयुष्य पुढच्या दिवाळीपर्यंत. नंतर तो रद्दीत जातो. जी कथा पुढे पुस्तकात आली ती वाचली, उरलेली किराणा दुकानात पुड्या बांधायला गेली. म्हणून संग्राहकाने कादंबऱ्यांबरोबर जुन्या अंकांवरही डोळा ठेवावा. रद्दीच्या दुकानात अंक पुस्तकाच्या भावाने नव्हे, किलोच्या भावाने मिळतो, हा संग्राहकाचा एकमेव फायदा आहे.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. "पीडीएफ फुकट मिळते, मग विकत कशाला?" हा प्रश्न विचारणारे सगळेच लुच्चे असतात असे नाही. काहींपाशी खरोखर पैसे नसतात आणि काही पुस्तके दुसऱ्या मार्गाने मिळतच नाहीत. परंतु कायदा काय सांगतो तेही पाहावे. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. नाथमाधव १९२८ साली वारले. त्यांचे लेखन आता सर्वांचे आहे, ते कोणीही छापावे, मोबाइलवर आणावे, उलट आणायलाच हवे. भा. रा. भागवत २००१ साली गेले. त्यांच्या पुस्तकांवर २०६१ अखेरपर्यंत हक्क आहे. नारळीकरांच्या बाबतीत ही मुदत २०८५ पर्यंत जाते. कायद्यापेक्षाही मला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. प्रकाशक पुस्तक पुन्हा छापतो तो मागणी पाहून. चोरून फिरणारी पीडीएफ हजारांनी वाचली तरी तिची मागणी कोणाच्या वहीत लिहिली जात नाही. विकत घेतलेली एक प्रत लिहिली जाते. नारायण धारपांची पुस्तके एकेकाळी फिरत्या वाचनालयांतून फाटेपर्यंत वाचली गेली. वाचक ती मागत राहिले म्हणून नव्या आवृत्त्या निघाल्या. २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा होती हे कळल्यावर तर नवी मुलेही त्यांची पुस्तके शोधू लागली. निवडणुकीत एका मताने काय होणार, असे म्हणणाऱ्याला आपण नागरिकशास्त्र शिकवतो. पुस्तकाच्या बाबतीत आपण तेच नागरिकशास्त्र विसरतो.

आता घरच्यांचा प्रश्न. पैसे. इथे मला पुस्तकी उत्तर द्यायचे नाही. पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात गेले आहे अशा घरात पुस्तकावर घातलेला रुपया कोठून आला आणि कोठे जाणार होता हे सगळ्यांना ठाऊक असते. आईने विचारले की, "हे परीक्षेला आहे काय?" तर 'नाही' हेच उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तराचे वजन घरात काही दिवस राहते. म्हणून उधळेपणाने पुस्तके घ्या असे मी म्हणणार नाही. आधी पोटोबा हे खरेच आहे. पण महिन्याला एक पुस्तक हे आपल्यापैकी पुष्कळांच्या आवाक्याबाहेरचे नाही. अडीचशे रुपयांची कादंबरी म्हणजे दिवसाला आठ-साडेआठ रुपये. एवढ्यात आज वडापावही येत नाही. आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला गेलेल्याला दोन दिवसांच्या मजुरीत दोन पुस्तके सहज येतात. महिन्याला एक या हिशेबाने पदवीच्या तीन वर्षांत छत्तीस पुस्तके होतात. छत्तीस पुस्तकांत मराठी विज्ञानकादंबरीचा कणा उभा करता येतो.

घेताना काही पथ्ये पाळावीत. आधी जी पुस्तके छापात आहेत आणि दुकानात मिळतात ती नवी घ्यावीत, कारण त्याने लेखकाला मानधन आणि प्रकाशकाला उत्तेजन मिळते. जी छापात नाहीत ती जुन्या बाजारात शोधावीत. मुंबईच्या फोर्टातले पदपथ, पुण्यातली जुनी दुकाने, चिपळूण-रत्नागिरीला भरणारी प्रदर्शने आणि शेवटी आपल्या गावची रद्दी. पुस्तकाचे आवृत्तीचे पान पाहावे. पहिली आवृत्ती म्हणून जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही, पण साल कळल्याशिवाय पुस्तक रांगेत लावता येत नाही. आतल्या पानावर कोठे, केव्हा, कितीला घेतले ते पेन्सिलीने लिहावे. जुन्या पुस्तकावर एखाद्या बंद पडलेल्या वाचनालयाचा शिक्का असेल तर तो खोडू नये. तो त्या पुस्तकाचा प्रवास आहे.

कोकणात विकत घेण्याइतकेच जपणेही कठीण आहे. आपला पाऊस चार महिने भिंतीतून आत येतो. पुस्तके भिंतीला टेकवून ठेवू नयेत. कपाटाची खालची फळी रिकामी सोडावी. वाळवी, कसर आणि बुरशी या तिघींवर नजर ठेवावी. डांबरगोळ्या किंवा कडुनिंबाचा सुकलेला पाला ठेवावा आणि पाऊस सरला की आश्विनात पुस्तके वाऱ्याला पसरावीत, मात्र कडक उन्हात नव्हे. भिजलेले पुस्तक घाईने उघडू नये, पाने चिकटून फाटतात. पुरानंतर चिपळूणकरांना हे धडे फार महागात शिकावे लागले.

एवढे सारे केल्यावर एक धोका उरतो आणि तो संग्राहकाच्याच स्वभावात असतो. जपता जपता माणूस पुस्तकाला कुलूप लावतो. कोणी मागितले की त्याच्या कपाळाला आठी पडते. असा संग्रह पुरात गेला काय आणि कपाटात राहिला काय, वाचकाला सारखेच. घाटापलीकडे सातारा जिल्ह्यात भिलार हे गाव २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले आहे. तिथे घरांच्या ओसरीवर, खोल्यांत पुस्तके ठेवलेली आहेत आणि येणाऱ्याने बसून वाचावे अशी सोय आहे. सरकारची मदत नसली तरी प्रत्येक संग्राहकाने आपल्यापुरते छोटे भिलार करावे. एक वही ठेवावी, नाव आणि तारीख लिहून पुस्तक द्यावे, महिन्याने मागावे. दुर्मिळ प्रत बाहेर देऊ नये, पण घरी बसून वाचू द्यावी.

अलोरे येथे कोयना प्रकल्पाच्या कामांमुळे वसाहत उभी राहिली. सह्याद्री पोखरून पूर्वेचे पाणी पश्चिमेला आणले गेले, पोफळीला डोंगराच्या पोटात वीजगृह झाले, आणि १३ मार्च १९९९ रोजी चौथ्या टप्प्यासाठी भरलेल्या जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडण्यात आले. हे कोणी १९०८ साली कादंबरीत लिहिले असते तर वाचकांनी त्याला गप्पिष्ट म्हटले असते. बांधकामे आटोपली तशी वसाहतीतली वर्दळ ओसरली. एके काळचे भविष्य आमच्याकडे आता जुन्या इमारतींच्या रूपाने उभे आहे. अशा गावात राहणाऱ्याला जुनी भविष्ये टाकाऊ वाटत नाहीत. त्या इमारती बांधणाऱ्यांनी काय स्वप्न पाहिले होते, हे विचारावेसे वाटते. तोच प्रश्न मी या कादंबऱ्यांना विचारतो.

म्हणून आपल्या प्राध्यापकांना एक विनंती आणि मित्रमैत्रिणींना एक सूचना. विनंती अशी की, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मराठी विज्ञानसाहित्याचे एक स्वतंत्र कपाट असावे आणि त्यात पुस्तके लेखकांच्या नावाने न लावता प्रसिद्धीच्या सालाने लावावीत. यातले कोणतेही पुस्तक 'जुने' म्हणून बाद करण्यापूर्वी ते विद्यार्थ्यांना विकत घेण्याची संधी द्यावी. सूचना अशी की, आपल्यापैकी बारा जणांनी मिळून दर महिन्याला एकेक पुस्तक घेतले आणि आपसांत फिरवले, तर एका वर्षात प्रत्येकाला एकशे चव्वेचाळीस पुस्तके वाचायला मिळतील, आणि प्रत्येकाच्या घरी बारा राहतील. बारा घरे, बारा कपाटे. पुढच्या पुरात त्यांतली काही तरी कोरडी राहतील.